राहून गेलेली टाळी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



भारत-पाकिस्तान सामना असला की आमच्या पनवेलचा नूर बदलतो. टपाल नाक्यावरची गर्दी ओसरते. एसटी स्टँडवरचे वाहक तिकिटाची पेटी काखेत मारून पानाच्या टपरीशी येतात, धावा विचारतात आणि घाईघाईनं गाडीकडे परततात. हे सगळं मला मनापासून आवडतं. क्रिकेट मी फार वाईट खेळलो. पण ऐकलं आणि पाहिलं मात्र भरपूर.

या सामन्याच्या दिवशी माझ्या वाट्याला एक जादा प्रश्न येतो. दुकानदार सुटे पैसे परत देता देता, लोकलमधला ओळखीचा माणूस सरकून जागा देता देता हसत विचारतो, "काय मग, आज तुमचं काय?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काही वाईट नसतं, हेही मला माहीत आहे. पण मी पडलो कवी. शब्दाशी अडखळणं हा माझा धंदाच आहे. मी पनवेलला जन्मलो, मराठी विषय घेऊन बी.ए. झालो, मराठीतच लिहितो. भारत इंग्लंडशी किंवा ऑस्ट्रेलियाशी खेळत असतो, तेव्हा हाच दुकानदार मला विचारतो, "आज आपलं काय होणार हो?" समोर पाकिस्तान आला की त्या 'आपलं'चं 'तुमचं' होतं. ते कोणत्या क्षणी होतं, हे मला अजून पकडता आलेलं नाही.

आपल्या मराठीत स्वतःच्या घोळक्यासाठी दोन शब्द आहेत, 'आम्ही' आणि 'आपण'. हिंदीला एका 'हम'वर भागवावं लागतं. 'आम्ही जेवायला बसतो' म्हटलं की ऐकणारा दाराबाहेर राहतो. 'आपण जेवायला बसू' म्हटलं की त्याचंही ताट मांडलं जातं. भारत-पाकिस्तान क्रिकेटबद्दल मला जे सांगायचं आहे, ते या दोन शब्दांच्या मधलं आहे.

पहिली आठवण डिसेंबर १९७९ची. मी दहा वर्षांचा होतो. माझी फुफी, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, लग्न होऊन नवऱ्याबरोबर कराचीला गेली होती. ती तीस वर्षांनी पहिल्यांदा माहेरी आली. कराचीत राहूनही तिची कोकणी आमच्यापेक्षा जुनी, अगदी आजीसारखी राहिली होती. परदेशी नागरिक म्हणून तिला पोलीस ठाण्यात हजेरी लावावी लागे. वडील एसटीत कंडक्टर होते. ते ड्यूटी बदलून तिच्याबरोबर जात. ज्या गावात ती परकर नेसून हुंदडली, त्याच गावात आपण इथे आहोत हे तिला सहीनं सांगावं लागत होतं.

नेमका तेव्हाच पाकिस्तानचा संघ भारतात आला होता आणि वानखेडेवर कसोटी चालू होती. घरात रेडिओ होता. बाळ ज. पंडितांसारख्यांनी क्रिकेटचं समालोचन मराठीत आणलं आणि त्यामुळे हा खेळ आमच्यासारख्या घरांत स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला. फुफी तांदूळ निवडत बसली होती. तिला क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं. सारखं एक नाव कानावर पडत होतं म्हणून तिनं विचारलं, "हा आसिफ इक्बाल कुणाकडचा?" वडिलांनी सांगितलं, "तुमचा कप्तान. पण जन्म हैदराबादचा. १९६१ साली तिकडे गेला. त्याचे मामा-चाचा लागणारे गुलाम अहमद आपल्याकडून खेळले आणि आज आपल्या क्रिकेट मंडळाचे चिटणीस आहेत." फुफीचा हात सुपात थांबला. ती म्हणाली, "म्हणजे त्यांच्या घरातही आपल्यासारखंच."

ती कसोटी भारतानं १३१ धावांनी जिंकली. मी उडी मारली आणि फुफीकडे पाहून एकदम गप्प झालो. तिनं कनवटीचं नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. म्हणाली, "जिंकलात ना? जा, गोळ्या आण." गोळ्या खाताना मला तिचं ते क्रियापद जाणवलं नव्हतं. 'जिंकलो' नाही, 'जिंकलात'. आता जाणवतं. मुंबईत त्यानंतर भारत-पाकिस्तान कसोटी झालेली नाही. १९९१ साली पाकिस्तानचा संघ यायचा होता, तेव्हा याच वानखेडेची खेळपट्टी उकरली गेली आणि दौराच रद्द झाला.

या दोन संघांच्या चुरशीचा उगम शोधायला गेलं, तर फाळणीच्याही मागे, आपल्या मुंबईत जावं लागतं. तिथे हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपियन अशा संघांचे चौरंगी सामने होत. १९३७ पासून उरलेल्यांचा एक संघ आला आणि ते पंचरंगी झाले. धर्माच्या नावानं संघ पाडून खेळण्याला गांधीजींनी १९४० साली विरोध केला. १९४६ मध्ये ही स्पर्धा बंद झाली. पुढच्याच वर्षी देशाचे दोन देश झाले.

ऑक्टोबर १९५२ मध्ये दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावर या दोन देशांची पहिली कसोटी झाली. पाकिस्तानचे कर्णधार अब्दुल हफीज कारदार १९४६ साली इंग्लंडच्या दौऱ्यात भारताकडून खेळले होते. अमीर इलाहीही दोन्ही देशांकडून कसोटी खेळले. ही चुरस शत्रूंची म्हणून सुरू झालीच नव्हती. वाटणी झालेल्या घरातल्या भावांची होती. विनू मंकड यांनी सामन्यात १३ बळी घेतले आणि भारत एक डाव ७० धावांनी जिंकला. हे पुष्कळांना ठाऊक असतं. मला मात्र त्या सामन्यातली शेवटची जोडी आठवते. पुण्यात जन्मलेले, लष्करात अधिकारी असलेले हेमू अधिकारी आणि हैदराबादचे गुलाम अहमद. या दोघांनी अखेरच्या गड्यासाठी १०९ धावा जोडल्या. अधिकारी नाबाद ८१, गुलाम अहमद ५०. भारताच्या अखेरच्या जोडीचा हा विक्रम ५२ वर्षं टिकला. २००४च्या डिसेंबरमध्ये तो ढाक्याला मोडला. मोडणारे होते मुंबईचा सचिन तेंडुलकर आणि श्रीरामपूरचा झहीर खान. त्याच १९५२च्या मालिकेत मुंबईच्या ब्रेबॉर्नवर सांगलीच्या विजय हजारेंनी नाबाद १४६ आणि सोलापुरात जन्मलेल्या पॉली उम्रीगर यांनी १०२ धावा केल्या. एक ख्रिस्ती, एक पारशी. धावफलकावर त्यांच्या नावापुढे फक्त आकडे होते.

मालिका भारतानं २-१ अशी जिंकली. मग १९५४-५५ मध्ये पाच आणि १९६०-६१ मध्ये पाच, अशा दहाच्या दहा कसोट्या अनिर्णित राहिल्या. जिंकण्याच्या इच्छेपेक्षा हरण्याची धास्ती दोन्हीकडे मोठी होती. नंतर १७ वर्षं खेळच नाही. मधे दोन युद्धं झाली. १९७८ साली बिशनसिंग बेदींचा संघ पाकिस्तानात गेला, तेव्हा पुन्हा सुरुवात झाली.

आता माझ्या गल्लीत येतो. १८ एप्रिल १९८६, शुक्रवार. शारजातली ऑस्ट्रेलेशिया कपची अंतिम लढत. मी सोळा-सतरा वर्षांचा. गल्लीत ज्या घरी टीव्ही होता, तिथे आम्ही पंधरा-वीस जण दाटीवाटीनं बसलो होतो. शेवटच्या चेंडूवर पाकिस्तानला चार धावा हव्या होत्या आणि जावेद मियांदादनं चेतन शर्माला षटकार मारला. खोलीत कुणी बोलेना. एवढ्यात मागून टाळी वाजली. तेरा-चौदा वर्षांचं एक पोर होतं.

हे मी लपवणार नाही. आमच्याकडे असं कधी घडतच नाही, असं मी सांगितलं तर ते खोटं ठरेल. वडील तिथेच होते. ते ओरडले नाहीत. त्यांनी पोराला जवळ बोलावलं आणि विचारलं, "टाळी कशासाठी वाजवलीस?"

"जावेदनं सिक्स मारला म्हणून."

"गावस्करनं ९२ मारल्या, तेव्हा वाजवली होतीस?"

पोर खाली बघू लागलं. वडील म्हणाले, "फटका चांगला असेल तर दोघांनाही वाजव. नाहीतर कुणालाच नको."

वडील सातवीपर्यंत शिकलेले. या विषयावर इतकं स्वच्छ वाक्य मी नंतर कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. त्या रात्री मी जेवलो नाही. मियांदादचा राग होता, त्याहून जास्त त्या शेवटच्या फुलटॉसचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे मैदानावर जमलो. माझा सगळ्यात जवळचा मित्र पॅड बांधता बांधता म्हणाला, "काय रे, काल तुमच्या मोहल्ल्यात पेढे वाटले म्हणे?" सगळे हसले. मीही हसलो. एका पोराच्या टाळीचे एका रात्रीत पेढे झाले होते. मी उपाशी झोपलो, हे त्याला सांगता आलं असतं. सांगितलं नाही. उपाशी राहणं हा पुरावा म्हणून द्यायचा, याचीच लाज वाटली.

त्या दिवसापासून मी काही गोष्टी शिकलो. त्या मला कुणी शिकवल्या नाहीत. भारताचा चौकार गेला की इतरांपेक्षा थोडं मोठ्यानं ओरडायचं. जिंकल्यावर फटाके वाजू लागले की घरात न बसता रस्त्यावर यायचं, चार लोकांना दिसेल असं. आनंद खराच होता, श्रोतेहो. सचिन खेळत असताना मी पाण्यालासुद्धा उठत नसे. पण खरा आनंदही दाखवायला निघालो की त्यात काहीतरी मिसळतं. फुफी पोलीस ठाण्यात लावायची, तशी हजेरी मी लावत होतो.

आणि मग आली चेन्नईची कसोटी. जानेवारी १९९९. आधी दिल्लीच्या कोटलाची खेळपट्टी उकरली गेली होती, म्हणून पहिली कसोटी चेन्नईत ठेवली. चौथा दिवस रविवार होता, ३१ जानेवारी. मी त्याच मित्राच्या घरी बसलो होतो. भारताला २७१ हव्या होत्या. सचिन दुखऱ्या पाठीनं खेळत होता. तो १३६वर बाद झाला, तेव्हा १७ धावा हव्या होत्या आणि तीन गडी हातात होते. त्यानंतर चारच धावांची भर पडली. आपण १२ धावांनी हरलो. मित्रानं उशीत तोंड खुपसलं. वहिनी चहा घेऊन आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

काही क्षण गेले. मग चेन्नईचे ते प्रेक्षक उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. वसीम अक्रमच्या खेळाडूंनी मैदानाला फेरी मारली आणि टाळ्या त्यांच्याबरोबर गोल फिरत गेल्या. मित्रानं उशी बाजूला टाकली. त्याचे डोळे भरले होते. तो टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवू लागला. वहिनींनी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि त्याही वाजवू लागल्या.

माझे हात मांडीवर होते.

सकलैन मुश्ताकनं दोन्ही डावांत पाच-पाच बळी घेतले होते. कसोटी पाहावी तर अशी. मलाही टाळी वाजवायची होती. वडिलांच्या नियमानं तर ती वाजवायलाच हवी होती, कारण सचिनसाठी मी हात दुखेपर्यंत वाजवल्या होत्या. पण हात उचलेनात. मित्राची टाळी हा खिलाडूपणा होता. माझ्या टाळीला नंतर खुलासा जोडावा लागला असता; निदान मला तरी तसं वाटलं. दिलदार होण्यासाठी माणूस आधी घरातला असावा लागतो. पाहुण्याला यजमानाच्या वतीनं औदार्य दाखवता येत नाही. आणि मी तर पाहुणा नव्हतोच! मग त्या दहा मिनिटांसाठी मला पाहुणा कोणी केलं? मित्रानं नक्कीच नाही. तो माझ्याकडे बघतही नव्हता. मी चहा प्यायलो आणि काहीतरी कारण सांगून घरी आलो.

ती राहून गेलेली टाळी माझ्याकडून एकदा वाजली, तीही नकळत. १ जून २००८. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आयपीएलचा पहिला अंतिम सामना होता. पनवेलहून लोकलनं अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येतं. मी नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन गेलो. सामना शेवटच्या चेंडूवर गेला आणि राजस्थानची विजयी धाव काढली सोहेल तन्वीरनं. रावळपिंडीचा पोरगा. त्या हंगामात सर्वांत जास्त बळीही त्याचेच. सगळं स्टेडियम उठून टाळ्या वाजवत होतं. मुलगा खुर्चीवर चढून वाजवत होता आणि मीही वाजवत होतो. आजूबाजूला कोण काय बघतंय, हे माझ्या मनातही आलं नाही. परतताना गाडीत, खांदेश्वरच्या आसपास, ते एकदम लक्षात आलं. त्या मुक्कामापर्यंत मी हलका होऊन बसलो होतो.

सहा महिनेही गेले नाहीत. २६ नोव्हेंबर आला. आमची पनवेल लोकल जिथून सुटते, त्या सीएसटीवर गोळ्या चालल्या. माझ्या रोजच्या डब्यातली माणसं त्या रात्री कुठे आहेत, याची फोनाफोनी पहाटेपर्यंत चालली होती. पुढच्या हंगामापासून पाकिस्तानच्या संघातले खेळाडू आयपीएलमध्ये दिसले नाहीत. दोन देशांतली शेवटची कसोटी त्याआधीच, डिसेंबर २००७ मध्ये झाली होती. २०१२-१३च्या छोट्या मालिकेनंतर तर एकमेकांच्या घरी जाऊन मालिका खेळणंही थांबलं. ज्या देशातून माणसं मारायला पाठवली गेली, त्याच्याशी खेळू नये, असं वाटणाऱ्यांचा राग मला कळतो. तो माझाही राग आहे.

पण राग सीमेपलीकडे निघतो आणि वाटेत आपल्याच गल्लीत उतरतो, तेव्हा भीती वाटते. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये दुबईला पाकिस्ताननं आपल्याला दहा गडी राखून हरवलं. दहा गडी राखून, म्हणजे आपल्या एकाही गोलंदाजाला बळी मिळाला नव्हता. तरी धर्मावरून शिव्या खाल्ल्या त्या एकट्या महंमद शमीनं. त्या वेळी कर्णधार विराट कोहली त्याच्या बाजूनं जाहीरपणे उभा राहिला. मला वाटतं, त्याच्या कित्येक शतकांपेक्षा ते मोठं काम होतं.

मग २२ एप्रिल २०२५. पहलगाममध्ये २६ माणसं मारली गेली. त्यांत आमच्या पनवेलचे एक रहिवासी होते. गाव सुन्न झालं. मोहल्लाही त्याच गावात आहे, तोही सुन्न झाला. सप्टेंबरमध्ये आशिया कपात दोन्ही संघ तीनदा समोरासमोर आले. भारत तिन्ही वेळा जिंकला आणि खेळाडूंनी हस्तांदोलन केलं नाही. त्यावर पुष्कळ वाद झाले. दुबईच्या मैदानावर हात मिळवायचा की नाही, हे ज्यांनी ठरवायचं त्यांनी ठरवावं. मला काळजी पनवेलमधल्या हातांची आहे.

म्हणून २८ सप्टेंबरला, त्या अंतिम सामन्याच्या रात्री, मी पुन्हा मित्राच्या घरी गेलो. आता तोही निवृत्तीला आलेला, मीही. पाकिस्तानचे सलामीवीर चांगले खेळत होते. दोन षटकांच्या मधे मी त्याला सगळं सांगितलं. शारजा, पेढे, चेन्नई, मांडीवरचे हात.

तो बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "पेढ्यांचं मी बोललो होतो?"

"हो."

"मला आठवतसुद्धा नाही रे."

त्याला आठवत नव्हतं आणि मी ते वाक्य ३९ वर्षं सांभाळलं होतं. कुणाचं चुकलं म्हणायचं? त्यानं सहज म्हटलं; मी तेव्हाच उलट बोललो असतो तर तेव्हाच मिटलं असतं. दोघांनी थोडं थोडं चुकवलं आणि त्यावर उगाच इतकी वर्षं गेली. थोड्या वेळानं साहिबजादा फरहाननं एक सरळ षटकार मारला. मित्र माझ्याकडे बघून म्हणाला, "शॉट चांगला होता ना? वाजव आता." आम्ही दोघं हसलो. टाळी काही वाजली नाही; सामना अटीतटीचा होता आणि मला आपला संघ जिंकायला हवा होता. पण वाजवली असती तरी चाललं असतं, एवढं त्या खोलीत ठरलं.

श्रोतेहो, पाकिस्तानला हरवण्याचा आनंद कमी करा, असं मी कोण सांगणार? मलाच तो कमी करता येत नाही. चुरस हवी, डिवचणं हवं, फटाकेही वाजू देत. फक्त पुढच्या सामन्याच्या दिवशी दुकानात, गाडीत, शेजारी कुणी माझ्यासारखा भेटला, तर त्याला एवढंच विचारा, "काय मग, आज आपलं काय होणार?" आणि हरलोच, तर दोन्ही घरचा स्वयंपाक तसाच पडून राहील, याची खात्री बाळगा.